तोळाभर गोळी, चिमूटभर दारू

अमेरिकेत आम्ही काही काळ एका प्रयोगशाळेत होतो. तिथल्या कार्यशाळेत काम करणारे एक वयस्क गृहस्थ दरवर्षी थंडीच्या सुरुवातीला हरणांच्या शिकारीला जात आणि त्यासाठी लागणारी काडतुसे घरीच भरत. एका सोमवारी ते तारवटलेल्या डोळ्यांनी कामावर आले. आदल्या रात्री त्यांनी भरून ठेवलेली चाळीस काडतुसे एकेक करून पुन्हा उघडली होती. कारण विचारले तर त्यांनी वहीचे पान पुढे केले. त्यावर त्यांच्याच अक्षरात दारूचा क्रमांक होता : ४८३१. क्रमांकाच्या आधीची अक्षरे लिहायची राहून गेली होती.

एवढ्यासाठी चाळीस काडतुसे? तेव्हा आम्हाला हसू आले. पुढे त्यामागचे भौतिकशास्त्र समजून घेतले आणि हसू मावळले.

एक खुलासा आधीच करतो. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्यावाचून काडतुसे बनवता येत नाहीत, आणि हा लेख ती कशी भरावीत हे सांगण्यासाठी नाही. पण छापील आकड्यावर किती भिस्त ठेवावी हा प्रश्न शाळेच्या प्रयोगशाळेतही असतोच. या छंदात तो फारच ठळकपणे समोर येतो.

काडतुसाचे भाग चार : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत बिनधुराची दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. गोळी उडून गेली की पुंगळी शिल्लक राहते. तीच पुन्हा वापरायची, हा सगळा उद्योग. कोणत्या गोळीमागे कोणती दारू किती घालायची याचे तक्ते दारूचे आणि गोळ्यांचे उत्पादक चाचण्या घेऊन छापतात. वजने असतात ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. हे माप आपल्यालाही परके नाही. ब्रिटिश अमदानीत १८३३ साली तोळा ठरवला गेला तो १८० ग्रेनचा, म्हणून तर तो ११.६६ ग्रॅम भरतो. '३०-०६' या १९०६ सालच्या प्रसिद्ध काडतुसात १८० ग्रेनची गोळी सर्रास वापरतात. म्हणजे बरोबर एक तोळा!

या तोळाभर गोळीमागे जी दारू असते ती तीन-चार ग्रॅमच. तिने निर्माण होणाऱ्या दाबाची कमाल मर्यादा मात्र दर चौरस इंचाला ६०,००० पौंड इतकी आहे. घरातल्या कुकरची शिट्टी साधारण १५ पौंडांना होते. म्हणजे हा दाब त्याच्या चार हजार पट. गोळीच्या बुडाचे क्षेत्रफळ काढून गुणाकार केला तर तिला मागून ढकलणारे बल सुमारे दोन टन वजनाइतके येते. विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे (व्यास ७.८ मिलिमीटर धरावा).

बिनधुराची दारू उघड्यावर पेटवली तर नुसती भरभर जळते. फ्रान्समध्ये १८८४ साली पॉल व्हिएय यांनी ती रायफलीत वापरण्याजोगी केली. तिच्या जळण्याचा वेग दाबावर अवलंबून असतो हेही त्यांनीच सूत्रात मांडले. दाब वाढला की जळणे वेगाने होते, जळणे वेगाने झाले की वायू अधिक, आणि वायू अधिक की दाब आणखी अधिक. या चक्राला उतार एकच : गोळी पुढे सरकून मागची जागा वाढणे. हे सारे एक-दोन हजारांश सेकंदात उरकते. म्हणूनच दारू एक टक्का वाढवली तर दाब एक टक्का वाढून थांबत नाही. मर्यादेजवळ तो साधारण दोन टक्क्यांनी वाढतो. आणि सुरुवातीचीच जागा कमी असेल तर? लष्करी पुंगळीचे पितळ अनेकदा जाड असते. निव्वळ तांब्याची गोळी तेवढ्याच वजनाच्या शिसेभरल्या गोळीपेक्षा लांब असते, कारण तांब्याची घनता कमी. ती पुंगळीत अधिक आत शिरते. वजन तेच, दारू तीच, पण तक्ता लागू नाही. बरे, कमी घातली म्हणजे सुरक्षित असेही नाही. सावकाश जळणारी दारू फारच कमी भरली तर तिचे वागणे बेभरवशाचे होते, म्हणून तक्त्यात किमान आकडाही असतो.

आता ४८३१ कडे येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेली तोफेची दारू हॉजडन यांनी या क्रमांकाने विकली. पुढे दुसऱ्या उत्पादकाने 'आयएमआर ४८३१' काढली. क्रमांक एकच, पण ही दारू अधिक वेगाने जळते. आमच्या गृहस्थांनी रात्री शंका येऊन छापील तक्ते काढले, तेव्हा वहीतला आकडा 'एच ४८३१'चा निघाला. हातातला डबा होता आयएमआरचा, आणि तो आकडा आयएमआरच्या कमाल मर्यादेच्या पलीकडे होता.

ग्रॅम आणि ग्रेन यांची गल्लत झाली तर पंधरापट चूक होते, पण ती पुंगळीच पकडते. तेवढी दारू तिच्यात मावतच नाही. घातक असतात त्या लहान चुका, ज्या निमूटपणे मावतात.

जुन्या पुस्तकांची अडचण निराळी. १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये अँड्र्यू नोबल यांनी दाब मोजायला तांब्याचा छोटा दंडगोल वापरला. तो किती चेपला यावरून दाब काढायचा. पण तांब्याला चेपले जायला वेळ लागतो, आणि दाबाचे शिखर तर क्षणार्धात सरते. ताप पाहताना थर्मामीटर लवकर काढला तर आकडा कमी दिसतो, तसेच हे. आजच्या दाबविद्युत् स्फटिकाने ६०,००० दाखवणारे ३०-०६ तांब्याच्या पद्धतीत ५०,००० दाखवते. पूर्वी दोन्हींपुढे 'पौंड प्रति चौरस इंच' असेच छापत! एकातून दुसरे काढण्याचे सर्व काडतुसांना चालेल असे सूत्र नाही.

मग पडताळायचे कसे? दोन स्वतंत्र तक्ते पाहावेत, आणि स्वतंत्र या शब्दावर आमचा भर आहे. एकाच मूळ ठिकाणावरून उतरवलेली तीन पुस्तके म्हणजे साक्षीदार एकच. खरोखर वेगळ्या चाचण्यांचे आकडे थोडे वेगळे येणारच, कारण नळी वेगळी, टोपी वेगळी, दारूचा घाणा वेगळा. तंतोतंत जुळले तर उलट आम्हाला नक्कल केल्याचा संशय येतो. जाणकार लोक सुरुवात खालच्या आकड्यापासून करतात. तराजूही तपासावा लागतो, आणि नुसता शून्यावर नव्हे, तर प्रत्यक्ष वजनाच्या आसपास प्रमाण वजन ठेवून. शून्य बरोबर असूनही पुढचे माप चुकू शकते. पंखा बंद करणे विसरू नये!

झाडून मारल्यावर टोपी चपटी झालेली नाही, म्हणून दाब ठीक होता, असे अनेकजण म्हणतात. पितळ काही दाबमापक नाही. कित्येकदा दाब मर्यादा ओलांडून गेल्यावरच त्यावर खूण उमटते.

त्या गृहस्थांनी उघडलेली दारू डब्यात परत ओतली नाही. ती टाकून दिली, वहीचे पानही फाडले. पुढच्या शनिवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा टेबलावर दारूचा एकच डबा होता. बाकीचे कपाटात कुलपात होते, आणि छापील तक्ता डब्याला टेकवून उघडा ठेवला होता.