पंपाने हार्ट वीक होतं?

‘पंप नको डॉक्टर, पंपाने हार्ट वीक होतं. त्यापेक्षा गोळी द्या.’ दम्याच्या रुग्णांकडून आणि त्यांच्याहून जास्त नातेवाइकांकडून हे इतक्यांदा ऐकलं आहे, की उत्तर देताना हल्ली आवाज चढतो.

आधी साधा हिशेब करू. सालब्युटामॉलच्या पंपाच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम औषध असतं, दोन दाबांत 200. तेच औषध गोळीत 4 मिलिग्रॅम, म्हणजे 4000 मायक्रोग्रॅम. वीसपट! पंपाचं औषध थेट श्वासनलिकेत पोचतं. गोळीचं पोटातून रक्तात उतरून अंगभर फिरतं. हृदयाला जपायचं म्हणून गोळी मागणारा माणूस हृदयाकडे जास्त औषध पाठवत असतो.

छातीत धडधडतं, हात थरथरतात, हे मात्र खरं. सालब्युटामॉल अ‍ॅड्रेनालिनच्याच कुळातलं. श्वासनलिका सैल करणारे बीटा-2 रिसेप्टर स्नायूंच्या रक्तवाहिन्यांत असतात, थोडे हृदयातही असतात. वाहिन्या रुंदावल्या की रक्तदाब सांभाळायला हृदय वेग वाढवतं. जिना चढल्यावरही ते हेच करतं, त्याने हृदय कमजोर होत नाही. आधीपासून हृदयविकार असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, पण पंप फेकून देऊ नका.

आता या समजुतीला नवं शेपूट फुटलं आहे: ‘पंपाने अंगातलं पोटॅशियम संपतं.’ संपत नाही हो! शरीरातलं सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आतच असतं; रक्तात लिटरमागे जेमतेम 3.5 ते 5 मिलिमोल. बीटा-2 चेतवले की स्नायूपेशींच्या आवरणातला सोडियम-पोटॅशियम पंप जोरात चालतो आणि रक्तातलं पोटॅशियम आत ओढतो. ते फक्त जागा बदलतं आणि काही तासांत परततं. शंका असेल त्यांच्यासाठी: 1983 मध्ये ब्राउन आणि सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दाखवलं, की शिरेतून अ‍ॅड्रेनालिन दिल्यावर पोटॅशियम उतरतं, पण बीटा-2 आधीच अडवले तर उतरत नाही. मूत्रपिंड निकामी होऊन पोटॅशियम धोकादायक वाढलं, तर हेच औषध मुद्दाम वाफेतून देतात. 10 ते 20 मिलिग्रॅम, म्हणजे दोन दाबांच्या 50 ते 100 पट. तेव्हा कुठे ते साधारण 0.6 ते 1 मिलिमोलने खाली येतं.

काळजी घ्यायची ती मोठ्या अटॅकमध्ये. वाफेमागून वाफ चालू, सोबत थिओफायलिन, स्टिरॉइड, एखादी लघवीची गोळी आणि रक्तात ऑक्सिजन कमी. अशा वेळी पोटॅशियम खरंच घसरून ठोके चुकू शकतात. म्हणून रुग्णालयात ते तपासतात, ईसीजी काढतात.

पंप घेतला की केळं खायलाच हवं? नाही, मूत्रपिंडाच्या रुग्णाला तर ते बाधू शकतं. पंपाची सवय लागते? व्यसन लागत नाही. बीपीची बीटा ब्लॉकर गोळी दम्यात चालते? प्रोप्रानोलॉलसारख्या गोळीने श्वासनलिका आवळू शकतात. मात्र ती स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या.

विचारायचंच असेल तर पंप वर्षात किती संपतात ते विचारा. दम्यावरील ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शिकेने 2019 पासून नुसत्या सालब्युटामॉलवर दमा सांभाळू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. 200 दाबांचे तीन किंवा अधिक पंप वर्षभरात लागत असतील, तर श्वासनलिकेची सूज आटोक्यात नाही. तिथे रोजचा स्टिरॉइडचा पंप हवा, आणि घरोघरी नेमका तोच अर्ध्यात सोडलेला सापडतो.