शेवटच्या पाळीचा भाव

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे दुष्काळी लातूरला पोचली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे 5 लाख लिटर पाणी होतं. देशभर बातमी झाली. शेतीच्या हिशेबात हे पाणी किती? हेक्टरभर रानात पाच सेंटिमीटर पाणी द्यायचं, तर नेमके 5 लाख लिटर लागतात. म्हणजे एक पाळी. उसाला पावसासकट दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं. एका हेक्टरसाठी तशा चाळीस-पन्नास गाड्या. आणि लातूर साखर कारखान्यांचा जिल्हा!

उसाला शिव्या घालून मात्र हा हिशेब संपत नाही. पाण्याचं मोल पिकाइतकंच वेळेवर ठरतं. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी बहुतेक जमिनीतल्या ओलीवरच येते. पण ती पोटरीत असताना जमीन भेगाळली आणि विहिरीला परसभर पाणी असलं, तर तेवढी एक पाळी दाणा भरवते, कडबाही हाती देते. तेच पाणी आधीच ओल असलेल्या उसात सोडलं, तर फारसा फरक पडत नाही. कालव्याचं पाणी आवर्तन सुटेल तेव्हा मिळतं. विहिरीचं, लाईट असली की आपल्या हातात. याच भरवशावर शेतकरी द्राक्ष-डाळिंबात पैसा घालायला धजतो. या भरवशाच्या मोलाला अर्थशास्त्रज्ञ भूजलाचं स्थैर्यमूल्य म्हणतात.

जमिनीच्या बाजाराला हे केव्हाच कळलंय. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असली की एकराचा भाव चढतो. सामाईक विहिरीवर भावाभावांचे वार ठरतात, आणि त्यावरून कज्जेही होतात.

कळलं नाही ते वीजदराला. बऱ्याच शेतीपंपांचं बिल वर्षानुवर्षं अश्वशक्तीवर आलं. मोटार शंभर तास चालवा की हजार. 2024 पासून तर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. उपशाला पैसा पडत नाही, पडतो तो खोदायला. राज्याचा 80 टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टचा. पाणी मुरतं ते मुरमात, खडकाच्या भेगांत, साठवण थोडी. शेजाऱ्याने 300 फूट बोअर मारलं की आपली विहीर बसते, मग आपण 500 फूट जातो. वाटेत पाणाड्याच्या तळहातावरचा नारळही उभा राहतो. खडकातलं पाणी वाढत नाही, मालक तेवढा बदलतो. पिकाचा नफा बोअरच्या गाडीवाल्याकडे जातो आणि कोरड्या बोअरचं कर्ज आपल्याकडे उरतं.

60 मीटरहून खोल विहिरींना आवर घालणारा भूजल कायदा 2009 चा आहे. पण 200 फुटांच्या पुढे रात्रीतून गेलेलं बोअर पाहायला कोण जाणार?

हिवरे बाजार या गावाने मात्र पोपटराव पवारांच्या पुढाकाराने स्वतःच शेतीसाठी बोअर बंद केलं, उसालाही मनाई केली. पावसाळा सरला की पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसं-जनावरांचं पाणी बाजूला काढायचं. उरलेल्यात कोणती पिकं घ्यायची, ते ग्रामसभा ठरवते. हा संयम फुकटचा नाही. ज्याची ऐपत आहे, त्याचं नगदी पीक यात बुडतं. पण शेजाऱ्याच्या पुढे जाण्यासाठी दुसरं, तिसरं बोअर मारायचा खर्च तिथे कुणालाच करावा लागत नाही.