सूर व्हॉल्व्हचा, घोळ वायरीचा!

टर्नटेबल घेऊन झालं. रेकॉर्ड्सही जमल्या, काही बाबांच्या माळ्यावरच्या, काही चोरबाजारातून घासाघीस करून आणलेल्या. मग कुणीतरी कान फुंकले, ‘खरी मजा हवी ना? मग व्हॉल्व्हचा फोनो प्रीअ‍ॅम्प घे.’ पगाराला चांगलंच भोक पडलं, काचेच्या नळ्या नारिंगी उजळल्या, सुई टेकली... आणि गाण्याच्या आधी ऐकू आली ती ‘घुंऽऽऽ’ अशी भुणभुण.

आता पुढचा सल्ला तयारच असतो. ‘हे व्हॉल्व्ह फेकून दे, जुने युरोपियन टाक, फरक बघ!’ एक मिनिट. क्रेडिट कार्ड खिशातच राहू द्या. या भुणभुणीमागे बहुतेक वेळा व्हॉल्व्ह नसतोच, जोडणी असते. आणि ती सुधारायला बरेचदा एक रुपयाही लागत नाही.

डब्याच्या आत चाललंय काय?

सुई रेकॉर्डच्या खाचेतून जे उचलते ती निव्वळ कुजबुज असते. ऑडिओ टेक्निकाचं एटी-व्हीएम९५ई हे लोकप्रिय कार्ट्रिज घ्या. त्यातून बाहेर पडतात जेमतेम ४ मिलिव्होल्ट. अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्स इनपुटला हवे असतात काहीशे. म्हणून प्रीअ‍ॅम्प हा सिग्नल साधारण १०० पट वाढवतो.

त्याचं दुसरं काम जास्त इंटरेस्टिंग आहे. रेकॉर्ड बनवताना खर्जाचे आवाज मुद्दाम दाबतात. नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूला फारशी गाणी मावणारच नाहीत. वरचे सूर मात्र वाढवून ठेवतात, म्हणजे ऐकताना ते खाली आणले की सोबत खरखरही खाली येते. हे किती करायचं याचं माप अमेरिकेत १९५४ मध्ये ठरलं. त्याचं नाव आरआयएए कर्व्ह. प्रीअ‍ॅम्प हे सगळं बरोब्बर उलटं करून मूळ गाणं परत देतो.

भुणभुणीचं मूळ इथेच आहे. मधल्या सुरांना १०० पट वाढवणारा हा डबा दाबलेला खर्ज वर काढण्यासाठी ५० हर्ट्झच्या आवाजाला साधारण ७०० पट वाढवतो. आणि आपल्या घरातल्या विजेची फ्रिक्वेन्सी किती? ५० हर्ट्झ! वायरीत शिरलेला विजेचा एवढासा अंशही स्पीकरमधून भुंग्यासारखा बाहेर येतो. यात व्हॉल्व्ह बिचारा फक्त आपलं काम करत असतो.

एकेक वायर तपासा

सगळं बंद करा आणि सेटच्या मागे वाकून बघा.

टर्नटेबलवर फोनो/लाइन असा स्विच असेल तर तो फोनोवर हवा. प्रीअ‍ॅम्पचं आउटपुट अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्स किंवा लाइनमध्ये जायला हवं, फोनोमध्ये नाही. इथे चुकलं तर आरआयएएची करामत दोनदा होते आणि खर्ज ढोलासारखा घुमतो.

टर्नटेबलची ती बारीक, सुटी वायर आठवते? ‘एक्स्ट्रा असेल’ म्हणून अनेक जण ती तशीच लोंबकळत ठेवतात. ती ग्राउंडची वायर. प्रीअ‍ॅम्पवरच्या ग्राउंडच्या स्क्रूला ती घट्ट आवळा. कित्येकदा भुणभुण इथेच थांबते.

नाही थांबली, तर जागा बदला. प्रीअ‍ॅम्प मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरला चिकटून असेल तर त्याच्या ट्रान्सफॉर्मरपासून दूर सरकवा. मोबाइलचे चार्जर आणि वायफायचा राउटरही लांब. सिग्नलची वायर विजेच्या वायरीला समांतर नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

शेवटी कार्ट्रिजची जात बघा. एटी-व्हीएम९५ई मूव्हिंग मॅग्नेट आहे. त्याला ४७ किलोओहमचा नेहमीचा लोड चालतो. पण डेनॉनचं डीएल-१०३ हे मूव्हिंग कॉइल असून देतं फक्त ०.३ मिलिव्होल्ट. त्यासाठी प्रीअ‍ॅम्पमध्ये एमसीची सोय किंवा वेगळा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो. तो नसेल तर आवाज पुटपुटल्यासारखा येतो, आणि दोष पुन्हा व्हॉल्व्हच्याच माथी!

अर्थिंगशी जुगाड नको

‘थ्री-पिन प्लगची वरची जाड पिन काढून टाक, भुणभुण जाईल,’ हा सल्ला फार फिरतो. कधी कधी ती जातेही. पण मग आत काही बिघडलं तर करंट जमिनीकडे जायच्या ऐवजी तुमच्याकडे येईल. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये २५० ते ३०० व्होल्ट डीसी सहज असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ टिकून राहतात. म्हणून डब्याचं झाकण स्वतः उघडू नका. ते जाणकार टेक्निशियनचं काम. जुन्या बिल्डिंगमध्ये राहत असाल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग एकदा तपासून घ्या. व्हॉल्व्हच्या आधी तिथे खर्च करा.

गुन्हेगार कोण?

समजा, डाव्या स्पीकरमधून कुरकुर येतेय. सगळं बंद करून टर्नटेबलकडून प्रीअ‍ॅम्पला येणाऱ्या लाल-पांढऱ्या वायरींची अदलाबदल करा. कुरकुर उजवीकडे गेली? म्हणजे दोष कार्ट्रिज किंवा टर्नटेबलच्या वायरींत. डावीकडेच राहिली? तर प्रीअ‍ॅम्प किंवा त्याच्या पुढचं काहीतरी.

व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला असतील आणि दोन्ही चॅनेलना सारखेच, वेगवेगळे असतील, तर ते थंड झाल्यावर त्यांचीही अशीच अदलाबदल करता येते. अनेक सेट्समध्ये असतो तो ईसीसी८३, म्हणजेच अमेरिकन नावाने १२एएक्स७. त्याला नऊ पिना असतात आणि एका ठिकाणी मोठी फट. ती सॉकेटशी जुळवा, सरळ दाबा, जबरदस्ती नको. कुरकुर व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या बाजूला गेली, तरच नवा व्हॉल्व्ह घ्या. काचेवरचा चंदेरी डाग पांढराफटक पडला असेल तर चौकशीची गरजच नाही. आत हवा शिरलीय, व्हॉल्व्ह संपला.

बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स १९६१ पासून असे रेडिओचे व्हॉल्व्ह बनवत असे. तो जुना माल कधीमधी बाजारात दिसतो. नवे व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात, आणि ते उत्तम चालतात.

रोजची काळजी

• सुरू करताना आधी प्रीअ‍ॅम्प, मिनिटभराने अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना उलट. नाहीतर स्पीकरला ‘धप्प’ असा धक्का बसतो.

• वर आणि बाजूंना वितभर जागा सोडा. डब्यावर मासिकं रचू नका, हेसुद्धा!

• पावसाळ्यात दमट हवेने पिना काळवंडतात. वायरींचे प्लग अधूनमधून काढून पुन्हा घट्ट बसवा.

• ऐकत नसाल तेव्हा बंद ठेवा. छोटे व्हॉल्व्ह काही हजार तास चालतात, ते वाया कशाला घालवायचे?

आणि सुई?

सगळे व्हॉल्व्हचं कौतुक करतात आणि सुई विसरतात. एटी-व्हीएम९५ईच्या सुईचं आयुष्य साधारण ३०० तासांचं. रोज दोन तास ऐकलंत तर पाच महिनेच! झिजलेली सुई खाचा खरवडते. तिचं वजनही मोजून घ्या, या कार्ट्रिजला २ ग्रॅम. हलकं ठेवलं की रेकॉर्ड जपली जाते हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उडते आणि भिंतींना मार देते. आजोबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या तर या सुईवर लावूच नका. त्यांच्या खाचा रुंद, त्यांना वेगळी सुई लागते.

व्हॉल्व्ह गेला तर नवा मिळतो. बाबांच्या माळ्यावरची एखादी नाट्यगीतांची रेकॉर्ड मात्र पुन्हा कधी निघेलच असं नाही. तेव्हा महागडा व्हॉल्व्ह मागवण्याआधी नवी सुई लावा, आणि कधी लावली ती तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा.