टाकीतील पहारेकरी

बंद टाकीत द्रव किती चढला, हे बाहेरून दिसत नाही. ते कळावे म्हणून आत संवेदक शलाका बसवितात. परंतु ती कशी बसविली, यावरच सारे अवलंबून असते. भरणनळाच्या धारेखाली ती आल्यास खोटा इशारा मिळतो. इंग्लंडमधील बन्सफील्ड येथे ११ डिसेंबर २००५ रोजी पेट्रोलच्या टाकीचे पातळीमापक अडकून बसले. वरच्या स्वतंत्र खटक्याने तरी पुरवठा थांबवावयाचा. पण त्याची चाचणीची दांडी जागेवर धरणारे कुलूपच लावलेले नव्हते. टाकी ओसंडली, भीषण स्फोट झाला व ४० हून अधिक माणसे जखमी झाली. पहारेकरी नेमला, म्हणजे तो जागा आहे असे नव्हे. त्याची परीक्षा घ्यावी आणि परीक्षेनंतर तो पुन्हा पहाऱ्यावर उभा राहिला की नाही, हेही पाहावे.