मीठ आणायला हावड्याला

माझ्या मावसभावाचा बार्शीत फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत तो रात्री दोन-दोनपर्यंत अल्बम लावत बसतो. एका वैशाखात मी त्याच्याकडे मुक्कामाला होतो. त्यानं हळदीच्या शीटवर एक फिल्टर मारला आणि विंडो पांढरीफटक पडली. निळं चक्र फिरायला लागलं. त्यानं चहा केला, आम्ही तो प्यायलो, कप विसळून झाले, तरी चक्र फिरतंच.

"दादा, प्रोसेसरच बदलून टाकू का आता?"

मी टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर ११ टक्के, मेमरी ९६ आणि डिस्क १००; तिथून हलायचं नाव नाही. ज्याला काढून टाकायचं चाललं होतं तो बिचारा हाताची घडी घालून बसला होता. कॅबिनेटमधून मात्र कुर्र-कुर्र आवाज येत होता, कपाटात उंदीर शिरल्यासारखा.

"फाइल तर एवढुशीच आहे की," भाऊ म्हणाला. इथंच गंमत आहे. जेपीईजी फाइल म्हणजे घडी घातलेली नऊवारी. कपाटात हातभर जागा, नेसायला काढली की खोलीभर. ६,००० बाय ४,००० पिक्सेलचा फोटो डिस्कवर आठ-दहा एमबीत मावतो, पण दुरुस्तीला उघडला की घडी उलगडावीच लागते. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असा एकेक बाइट धरला तरी ७ कोटी २० लाख बाइट होतात. भावाची शीट तर १२ बाय ३६ इंचांची, ३०० डीपीआयची. म्हणजे ३,६०० गुणिले १०,८०० पिक्सेल, आणि बाइट ११ कोटी ६६ लाख. तेही एकाच थराचे. वर नवरीचा फोटो, झेंडूची माळ, सोनेरी अक्षरं असे थर चढत जातात ते वेगळेच.

पण मला खरं नवल वाटतं ते कंट्रोल झेडचं. ती कळ दाबली की केलेली चूक नाहीशी होते, हे आपण किती सहज धरून चालतो! ते जमतं, कारण यंत्र आपला भूतकाळ सांभाळून ठेवतं. फोटोशॉपचं नेहमीचं सेटिंग मागचे ५० टप्पे जपतं. फोटोशॉप चित्राचे चौकोनी तुकडे पाडून ठेवतं. ब्रशनं गालावरचा एक डाग पुसला तर त्याखालचे चार-दोन तुकडेच बदलतात, तेवढेच नव्यानं साठतात. अख्ख्या शीटवर फिल्टर मारला की मात्र सगळेच तुकडे बदलतात. असे ५० टप्पे झाले तर हिशेब ५८३ कोटी बाइटवर जातो. भावाच्या मशिनमध्ये ८ जीबी रॅम, म्हणजे सुमारे ८५९ कोटी बाइट. त्यातून विंडोजचा वाटा, ब्राउझरमध्ये लावलेल्या गाण्यांचा वाटा वजा करा. आजची शीट ठेवायला जागा उरली नव्हती, कारण सगळी जागा कालच्या शीटांनी धरली होती.

रॅम संपली तरी सॉफ्टवेअर मुकाट्यानं काम चालू ठेवतं. सध्या हाताशी नको ते डिस्कवर नेऊन टाकतं आणि लागलं की परत आणतं. या जागेला स्क्रॅच डिस्क म्हणतात. सगळा वेळ जातो तो या ने-आणीत.

किती जातो? रॅममधून माहिती उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. हे आकडे मनात उमटत नाहीत, म्हणून मी ते ताणून बघतो. समजा ओट्यावरचा मिठाचा डबा उचलायला एक सेकंद लागतो, आणि तो डबा म्हणजे रॅम. मग एसएसडीतून मीठ आणायला सतरा-एक मिनिटं लागतील. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन यावं तेवढी. आणि हार्डडिस्कवरून? अठ्ठावीस तास. मुंबईहून रेल्वेनं निघून हावडा गाठावं, जवळपास तेवढे.

हार्डडिस्कचाही दोष नाही. तिची चकती मिनिटाला ७,२०० फेरे घेते, एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. वाचणारा हात आधी योग्य वर्तुळावर सरकतो, मग हवी ती जागा फिरून खाली येईपर्यंत थांबतो. आकाशपाळण्यात आपला डबा खाली यायची वाट बघावी तसा. भावानं फोटो आणि स्क्रॅच दोन्ही त्याच डिस्कवर ठेवले होते. तो हात बिचारा दोन घरांची भांडी घासत होता, आणि तो उंदीर म्हणजे त्याचीच धावपळ.

ही ने-आण नवीनही नाही. थॉमस नॉलनं १९८७ मध्ये ज्या मॅकिंटॉश प्लसवर फोटोशॉपचा पाया घातला, त्याची मेमरी होती १ एमबी आणि पडदा नुसता काळा-पांढरा. राखाडी छटा त्या पडद्यावर कशा दाखवाव्यात, एवढीच त्याची सुरुवातीची खटपट. भावाची एक शीट त्या मशिनमध्ये मावायची तर तशी शंभरावर मशिन लागली असती. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० मध्ये आली. तिचा सोर्स कोड कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमनं २०१३ मध्ये खुला केला, आणि मेमरी पुरत नसताना डिस्क वापरायची व्यवस्था त्यातही आहे. टंचाईतला संसार पहिल्या दिवसापासूनचाच.

प्रोसेसरला आम्ही हात लावला नाही. ८ जीबीची आणखी एक रॅम बसवली, एक एसएसडी जोडून स्क्रॅच तिकडे हलवला, टप्पे ५०चे २० केले. गाणी मोबाइलवर गेली. यातली रॅम सगळ्यात कामाची. उरलेल्या गोष्टी नुसत्या केल्या असत्या तर हावडा चुकला असता, कोपऱ्यावरच्या दुकानाच्या खेपा काही चुकल्या नसत्या.

त्या रात्री त्यानं तोच फिल्टर पुन्हा मारला. चक्र एकदा दिसल्यासारखं झालं, तोवर शीट तयार. भाऊ काही बोलला नाही. वाकून त्यानं कॅबिनेटला कान लावला.

"दादा, आवाज येईना की. बंद तर पडला नाही ना?"