वरच्या मॉसफेटला बॅटरीपेक्षा जास्त व्होल्टेज का लागते?

४८ व्होल्टच्या ई-स्कूटरच्या कंट्रोलरमध्ये मॉसफेटच्या जोड्या असतात. एक खाली ग्राउंडकडे, एक वर बॅटरीकडे. खालचा सुरू करणे सोपे. गेटला साधारण १२ व्होल्ट दिले की झाले. खरी अडचण वरच्याची. एन-चॅनल मॉसफेटच्या गेटचे व्होल्टेज सोर्सच्या तुलनेत मोजायचे असते, आणि वरच्याचा सोर्स मोटरच्या वायरला जोडलेला. तो सुरू होताच सोर्सही ४८ व्होल्टवर चढतो. म्हणजे गेटला हवेत ६०, आणि बॅटरी तर ४८चीच! कमी पडले की मॉसफेट अर्धवट सुरू राहतो, तापतो आणि जळतो.

आयआर२११०सारख्या ड्रायव्हर आयसीसोबत यावर स्वस्त तोडगा वापरतात: एक डायोड आणि एक कपॅसिटर. खालचा मॉसफेट सुरू असताना कपॅसिटर १२ व्होल्टच्या आसपास चार्ज होतो. त्याचे एक टोक वरच्याच्या सोर्सलाच जोडलेले असल्याने सोर्स चढला की तोही सोबत चढतो, आणि गेटला हवे ते जादा व्होल्टेज मिळते. डायोड चार्ज मागे जाऊ देत नाही. हेच बूटस्ट्रॅप.

मात्र कपॅसिटर हळूहळू रिकामा होतो. त्यामुळे वरचा मॉसफेट सलग सुरू ठेवता येत नाही. मधूनमधून क्षणभर खालचा सुरू करावाच लागतो. ते चालणार नसेल, तर वेगळा चार्ज पंप बसवावा लागतो.