पेट्रोलचा कांटा खोटें कां बोलतो?



मोटार चालविणाऱ्या माणसाचा समोरच्या कांट्यांवर जेवढा विश्वास असतो, तेवढा पुष्कळदां शेजारीं बसलेल्या पत्नीच्या शब्दावर नसतो. माझेंही तसेंच होतें. आणि त्याची शिक्षा मला गोंदिया जिल्ह्यांत सडक अर्जुनीजवळ मिळाली.

नांवाप्रमाणेंच हें गांव सडकेवरचें. नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, साकोली आणि देवरी यांच्या दरम्यान तें लागतें. लगतच्या कोहमाऱ्याच्या फाट्यावरून एक वाट गोंदियाकडे जाते व दुसरी नवेगांव बांधाकडे. आम्ही नवेगांवची वाट धरली तेव्हां दिवस कलला होता. पत्नीनें विचारलें, "पेट्रोल पुरेल ना?" मीं उत्तरादाखल कांट्याकडे बोट दाखविलें. तो अर्ध्यावर होता. थोड्याच वेळांत, दोन्ही बाजूंस झाडी असतांना, आमची जुनी मोटार दोन-तीन आचके देऊन उभी राहिली. टाकी कोरडी आणि कांटा अर्ध्यावर! मागें वृद्ध आई व दोन मुलें. एका सज्जन दुचाकीस्वारानें कोहमाऱ्याहून पेट्रोल आणून देईपर्यंत अंधार पडला. तेवढ्या वेळांत पत्नी एक शब्दही बोलली नाहीं, हें मला अधिक लागलें.

दुसऱ्या दिवशीं सडक अर्जुनींतल्या एका वयस्क मिस्त्र्यानें मला जें दाखविलें, तेंच आज आपणांस सांगावयाचें आहे. त्याचें सार एका वाक्यांत सांगतां येईल: कांटा पेट्रोल मोजीत नाहीं, तो वीज मोजतो.

टाकींत एक हलका फ्लोट पेट्रोलवर तरंगत असतो. तो वरखालीं झाला कीं त्याच्या दांडीचें टोंक रोधक तारेच्या वेटोळ्यावरून सरकतें, आणि विजेच्या वाटेंतील अडथळा कमीअधिक होतो. बॅटरींतून निघालेली वीज तबकडींतून येते, एका तारेनें टाकीपर्यंत जाते, आणि तेथून मोटारीच्या लोखंडी अंगांतून बॅटरीकडे परतते. म्हणजे निरोप पोंचविणारे तिघे: फ्लोट, तार आणि तबकडी. चौथी ती परतीची वाट, जिची आठवण कोणास राहत नाहीं.

माझ्या मोटारीचा कांटा दोन वेटोळ्यांच्या ओढीनें हलणारा होता. या जातींत अडथळा वाढला कीं कांटा 'भरली'कडे झुकतो. दुसऱ्या जातींत विजेनें तापून वांकणारी पट्टी असते. तेथें उलट, अडथळा वाढला कीं कांटा उतरतो. हा भेद लक्षांत ठेवावा. दुसऱ्या जातीचा कांटा बिघडला तर तो बहुधा उगाच भिवडवितो. पहिल्या जातीचा मात्र खोटा धीर देतो, आणि खोटा धीर अधिक घातक.

मिस्त्र्यानें किल्ली बंद करून टाकीवरची तार सोडविली. मग किल्ली फिरविली. कांटा 'भरली'वर गेला. पुन्हां किल्ली बंद करून त्यानें त्या तारेस दुसरी लांब तार जोडली, तिचें टोंक टाकीपासून दूर, मोटारीच्या स्वच्छ लोखंडावर घट्ट बांधलें, आणि मगच किल्ली फिरविली. कांटा 'रिकामी'वर आला. एवढ्यानें तबकडी आणि तार दोन्ही निर्दोष ठरलीं. शहरांतील एका कारखान्यांत मला आधींच नवी तबकडी घेण्याचा सल्ला मिळाला होता. तो खर्च तेथेंच वांचला.

शेवटीं मूळची तार जागेवर लावून त्यानें फ्लोटच्या बैठकीपासून सांगाड्यापर्यंत एक वेगळी तार जोडली. किल्ली फिरवितांच कांटा खालीं उतरला आणि खरें बोलूं लागला. दोष परतीच्या वाटेंत होता. "टाकी कधीं उतरविली होती काय?" त्यानें विचारलें. उतरविली होती! गंजूं नये म्हणून मींच ती उतरवून रंगवून घेतली होती. तो रंग स्क्रूंच्या खालीं बसला आणि विजेची वाट अडली. तेव्हांपासून टाकी भरली कीं कांटा खुणेच्याही पलीकडे जाई. तें मला सुचिन्ह वाटे.

इतर दोषही असेच ओळखतां येतात. फ्लोटला भोंक पडून तो बुडाला, तर भरल्या टाकींतही कांटा 'रिकामी'वरच राहतो. ठराविक जागींच कांटा उडत असेल, तर रोधक तार तेथें झिजलेली असते. तापत्या पट्टीच्या मोटारींत पेट्रोल आणि उष्णता हे दोन्ही कांटे एकदम चुकूं लागले, तर विजेचा दाब स्थिर ठेवणारा छोटा भाग तपासावा. दोघे साक्षीदार एकाच वेळीं आपापले बिघडत नाहींत.

परंतु टाकी उघडण्याचें काम जाणत्यावरच सोपवावें. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती जमिनीलगत पसरते, आणि एक ठिणगी तिला पुरते. अलीकडील मोटारींत फ्लोटचा निरोप संगणकामार्फत जातो. त्यांच्या तारांवर वरील प्रयोग मुळींच करूं नये.

आणखी एक गोष्ट. हा सारा प्रदेश तलावांचा. येथील माणसास ठाऊक असतें कीं, तळाशीं अरुंद असलेल्या तलावाचें पाणी अर्ध्या खोलीवर आलें म्हणजे अर्धें उरलें असें नव्हे. पुष्कळ टाक्यांचेंही तसेंच आहे. म्हणून कांट्याचा उत्तरार्ध लवकर सरतो.

आतां मी टाकी भरल्यावर मैलांचा आंकडा वहींत टिपून ठेवतों. कांटा आणि वही यांचें जुळलें नाहीं तर वहीचें ऐकतों, आणि पत्नीनें "पुरेल ना?" असें विचारलें, कीं मोटार थांबवून पाहतों.